कार्ड निघालं, पुढे काय?

आमच्याकडे आयुष्मान कार्ड, म्हणजे मोठ्या आजारात दवाखान्याचं बिल भागवणाऱ्या सरकारी योजनेचं कार्ड, निघालं की ते आधी प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि मग सातबाऱ्यासोबत पत्र्याच्या पेटीत. घरातल्या कर्त्या माणसाला विचारा, "कार्ड काढलं का?" तो ठामपणे "काढलं" म्हणतो. मग विचारा, "कुठल्या दवाखान्यात चालतं?" तो बायकोकडे बघतो, बायको पोराकडे बघते. निवृत्त झाल्यापासून मी जे काम करते आहे ते सगळं या दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

मी जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका होते. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत नोकरी झाली आणि नंतर इथेच राहिले. खाली अहिराणी बोलणारी शेतकरी घरं, वर पाड्यांवर पावरा आणि भिल वस्ती, आणि मुंबई-आग्रा हायवेने थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश. ज्यांना पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावली ती मुलं आता आईबाप झाली आहेत. फोनवर सरकारी मेसेज आला, बँकेचा कागद आला, की "बाई, हे काय शे?" म्हणत दारात येतात. आरोग्य योजनेचं काम असंच दारात आलं.

या योजनेशी धुळे जिल्ह्याचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. २ जुलै २०१२ ला राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली ती आधी फक्त आठ जिल्ह्यांत, आणि त्या आठांत धुळे होतं. जळगाव, नंदुरबारची पाळी पुढच्या वर्षी आली. तेव्हा पिवळं आणि केसरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची. पण ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवर चालायची. २०२० मध्ये दोन्ही योजना एकत्र चालवायला सुरुवात झाली तरी ज्याचं नाव केंद्राच्या यादीत त्याला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड, असा प्रकार होता. दोन्ही घरं एकाच कापसाच्या शेतात मजुरीला जाणारी. कोणाला काय मिळेल हे सांगताना माझी दमछाक व्हायची, आणि पांढरं कार्ड असलेल्यांना तर सरळ परत पाठवावं लागायचं. पांढरं कार्ड म्हणजे श्रीमंत, हे कागदावर. आमच्याकडे चार एकर कोरडवाहू असलेला, पोरगा सुरतेला कामाला असलेला माणूसही पांढऱ्या कार्डात सापडतो.

१ जुलै २०२४ पासून हे बदललं. पिवळं, केसरी, अंत्योदय, अन्नपूर्णा, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड असो, महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण. या विस्ताराचा निर्णय झाला तेव्हाच उपचारांची संख्या १,३५६ केली गेली. "तुम्ही यात बसत नाही" हे वाक्य मला आता जवळपास कोणाला सांगावं लागत नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. आता अडतं ते दोनच ठिकाणी. एक कागदात, आणि दुसरं समजण्यात.

कागदाचं आधी सांगते, कारण निदान त्याला उपाय आहे.

नोंदणीला रेशन कार्डचा बारा अंकी ऑनलाइन नंबर लागतो. कार्डाच्या पुस्तिकेवर जुना छापील नंबर असतो, तो हा नव्हे. पुष्कळांच्या पुस्तिकेवर रेशन दुकानदाराने पेनने लिहून दिलेला असतो. नसेल तर आधी दुकानदाराकडे पाठवायचं, धान्य देताना अंगठा लावून घेतात त्या पॉस मशीनवर तो निघतो. पण पांढऱ्या कार्डवर धान्य मिळत नाही, त्यामुळे त्यातली बरीच कार्डं कधी ऑनलाइन चढलेलीच नाहीत. योजनेत सगळे आले, तरी पांढऱ्या कार्डवाल्याला आधी तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन कार्ड ऑनलाइन करून घ्यावं लागतं. हे त्याला कोणी सांगत नाही. तो आयुष्मानच्या ॲपमध्ये नाव शोधतो, नाव येत नाही, आणि "आपलं नाही यात" म्हणून गप्प बसतो. त्या गप्प बसणाऱ्यांना गाठून परत तहसीलला पाठवणं हे मी फार महत्त्वाचं मानते.

नंबर सापडला की आधारची केवायसी, म्हणजे ओळख पटवणं. देशातलं पहिलं आधार आमच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. इतक्या लवकर सुरुवात होऊनही या पट्ट्यात आधारच्या चुका ढिगाने आहेत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, मग ओटीपी येत नाही. कापूस वेचून, मिरच्या खुडून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, मग अंगठा लागत नाही. चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली आहे, तिने खूप काम हलकं केलं. फक्त म्हातारीला कॅमेऱ्यासमोर उजेडाच्या बाजूला बसवायचं, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायला सांगायचं आणि डोळ्यांची उघडझाप करायला लावायची. हे कोणी तिच्या ओळखीच्या बाईने सांगितलं तर ती करते. अनोळखी पोराने सांगितलं तर उठून जाते.

खरी अडचण नावांची. रेशन कार्डवर आणि आधारवर नाव जुळलं तर कार्ड लगेच मंजूर होतं. जुळलं नाही तर अर्ज तपासणीला जातो, रखडतो, कधी नाकारला जातो. आमच्याकडे एकाच घरात बाप पावरा, मोठा मुलगा पवार आणि सीमेपलीकडे जन्मलेली सून बारेला असते. भिल वस्तीत कोणी भिल लावतं, कोणी सोनवणे, कोणी मालचे. बाईच्या नावापुढे कुठे 'बाई' लागलेलं, कुठे गळालेलं. ज्यांचं शाळेत नाव होतं त्यांच्यासाठी मी शाळेत जाऊन दाखला काढून आणते. जुनी जनरल रजिस्टरं मला पाठ आहेत, कोण कुठल्या पानावर असेल ते सांगता येतं. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांच्यासाठी आधार केंद्रावर आधी विचारून येते की पुरावा काय चालेल, म्हणजे त्यांची रोजची मजुरी बुडवून खेप वाया जायला नको.

नव्या सुनांचं सांगायलाच हवं. लग्न झालं तरी मुलीचं नाव बापाच्या रेशन कार्डात राहतं आणि सासरच्या कार्डात चढत नाही. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग सासरी चढवा, हे दोन तहसीलांचं काम, आणि ते करायला कोणाला सवड नसते. दोन वर्षं अशीच जातात, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत तिचं बाळंतपण येतं. म्हणून मी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरून ठेवली आहे. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात. तिथे जाऊन मी विचारते, "तुझं नाव कोणत्या कार्डात आहे गं?" काहीजणी हसतात, सणाच्या दिवशी बाईंना काय सुचतंय म्हणून. पण सासरी विचारलं तर सासूच्या देखत ती नीट उत्तर देत नाही. माहेरी देते.

आता समजण्याचं.

लोकांच्या मनात पहिली भीती रेशनची असते. एका आजीने कार्ड काढून झाल्यावर माझा हात धरून विचारलं, "हाई कार्ड काढं ते मन्हं रेशन बंद व्हई का, बाई?" तिला पाच लाखांचा आकडा ऐकूनच धडकी भरली होती. इतके पैसे सरकारने दिले म्हणजे गहू-तांदूळ बंद करणार, असं तिने धरलं होतं. काहींना उलट वाटतं, पाच लाख खात्यात येणार. ते पासबुक भरून आणतात आणि माझ्याकडे रागाने बघतात. दोघांनाही मी एकच सांगते. हा पैसा तुमच्या हातात कधी येत नाही आणि तुमच्याकडून कधी जात नाही. तुम्ही योजनेतल्या दवाखान्यात भरती झालात, आजार यादीतला असला, तर दवाखान्याचं बिल सरकारकडून भागतं. वर्षभरात घरातल्या एकाला लागलं किंवा चौघांना लागलं, सगळ्यांचं मिळून पाच लाखांपर्यंत.

मग जे मिळत नाही ते सांगावं लागतं, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. ताप आला, सलाईन लावली, गोळ्या घेऊन घरी आलो, यात ही योजना नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांना नाही. त्यासाठी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ही योजना मोठ्या दुखण्याची. हृदयाची अँजिओप्लास्टी, किडनीचं डायलिसिस, कॅन्सरची केमो, भाजणं, मोठी ऑपरेशनं. त्यातही काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहेत, ते खासगीत मागितले तर नाही मिळणार. आणि एखादा खासगी दवाखाना योजनेत असला तरी तो सगळ्याच उपचारांसाठी असतो असं नाही. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. म्हणून भरती होण्याआधी विचारायचं.

कोणाला विचारायचं? आरोग्यमित्राला. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. कार्ड दाखवायचं, आजार सांगायचा, तो पात्रता तपासतो आणि मंजुरीचा अर्ज जातो. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर जोडता येतात. जुनं दुखणं होतं म्हणून नाकारता येत नाही, ही योजना पहिल्या दिवसापासून जुन्या दुखण्यालाही लागू आहे. मी पाड्यावरच्या लोकांकडून हे एक वाक्य म्हणवून घेते: "पैसे भरण्याआधी आरोग्यमित्र कुठे आहे ते सांगा." शाळेत पाढे म्हणवून घ्यायचे तसं. पोरंही म्हणतात. पोरं म्हणतात ते घरात टिकतं.

हे का म्हणवून घेते ते सांगते. वरच्या एका पाड्यावरचा माणूस, माझ्याच वर्गातला, छातीत दुखायला लागलं म्हणून घरच्यांनी रात्री जीपमध्ये घालून शहरात नेला. जीपवाल्याने त्याच्या ओळखीच्या खासगी दवाखान्यात उतरवलं. तिथे काउंटरवर पैसे भरायला सांगितले. भावाने ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला फोन केला, मुकादमाने उचल दिली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे आभारच. पण उचल म्हणजे पुढच्या हंगामात ऊसतोडीला जाऊन फेडायचे पैसे. ज्याच्या छातीचं ऑपरेशन झालं त्याला कोयता उचलता येत नव्हता, म्हणून त्याची बायको आणि सातवीतला मुलगा जोडीने टोळीत गेले. मुलाचं नाव शाळेच्या पटावर होतं आणि मुलगा फडात. कार्ड घरी होतं. पत्र्याच्या पेटीत, पिशवीत. तो दवाखाना योजनेत होता की नव्हता हे घरच्यांना आजही सांगता येत नाही, कारण कोणी विचारलंच नाही. विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. कार्ड काढून देणाऱ्याने फोटो काढला, कार्ड हातात दिलं आणि पुढच्या घराकडे गेला.

त्या मुलाला मी तिसरीत शिकवलं होतं. गणित चांगलं होतं त्याचं.

माझ्या मते नोंदणीच्या मोहिमा कार्डांच्या आकड्यावर मोजल्या जातात हे चुकीचं आहे. आशाताईंवर आणि कार्ड काढून देणाऱ्या केंद्रचालकांवर कार्डांच्या संख्येचा दबाव असतो, त्यांना प्रत्येक घरी बसून समजावायला वेळ कुठून मिळणार? त्यांच्यावर माझा राग नाही. उलट आमच्या आशाताई नसत्या तर पाड्यांवर कोणाचंच कार्ड निघालं नसतं. पण मोजायचं असेल तर हे मोजा की किती घरांना जवळच्या योजनेतल्या दवाखान्याचं नाव सांगता येतं.

म्हणून मी आता कार्ड निघालं की तिथेच थांबवून घेते. रेशन कार्डच्या आतल्या पानावर जाड पेनने १५५३८८ हा योजनेचा फोन नंबर लिहिते, हा फुकट लागतो. खाली केंद्राचा १४५५५. मग जवळचे दवाखाने बोलून घेते, धुळ्याचं सरकारी हिरे मेडिकल कॉलेज आधी, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येक फोनमध्ये काढून ठेवायला लावते, म्हणजे पेटीची किल्ली शोधायची वेळ येऊ नये. कार्ड नसलं तरी रेशन कार्ड आणि आधार बघून आरोग्यमित्र पात्रता तपासू शकतो, हेही सांगते, नाहीतर कार्ड नाही म्हणून लोक घरीच बसतात. आणि हे सांगते की कार्डासाठी सरकार पैसे घेत नाही. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, मग तो स्वतःला कोणीही म्हणवो.

बारावी झालेल्या तीन मुली माझ्यासोबत असतात. त्यातल्या दोघी पावरी बोलतात. त्या बोलायला लागल्या की वरच्या पाड्यावरच्या बायका पुढे सरकून बसतात. मला पावरी कळते, पण माझ्या तोंडून ती शाळेची वाटते. बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही बसतो. पंचायतीने दवाखान्यांची यादी भिंतीवर रंगवून घ्यायचं कबूल केलं आहे. ही यादी बदलत असते, दवाखाने येतात-जातात, म्हणून भिंतीवर फक्त नंबर मोठा रंगवा आणि यादी कागदावर लावा, अशी माझी मागणी आहे.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न बघत नाहीत, रेशन कार्डचा रंग बघत नाहीत, फक्त आधार लागतं आणि आधारवर वय सत्तर पूर्ण हवं. ज्या कुटुंबाला आधीच पाच लाख आहेत त्यांच्या सत्तरीच्या माणसाला वेगळे पाच लाख, ते घरातल्या बाकीच्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. हे ऐकून एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे मन्हं दुखनं पोरनं वाटानं खाई नही." म्हणजे माझं दुखणं पोराच्या वाट्याचं खाणार नाही. मी म्हटलं, बरोबर, बाबा. घरात नातवाचं ऑपरेशन झालेलं असलं की म्हातारी माणसं स्वतःचं दुखणं लपवतात, योजनेतले पैसे संपतील म्हणून. त्यांच्यासाठी हे वेगळं कार्ड फार मोलाचं आहे. फक्त आमच्याकडे आधारवरची वयं अंदाजाने लावलेली, कोणाचा जन्म १ जानेवारी, कोणाचा १ जून. ज्यांचं वय कागदावर कमी लागलं आहे त्यांच्याजवळ काहीही जुना पुरावा असेल तर तो शोधून ठेवा, जन्मतारीख आधारमध्ये एकदाच बदलता येते.

गुजरातेत आणि मध्य प्रदेशात कामाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांना आयुष्मानमधल्या दवाखान्यात दुसऱ्या राज्यातही उपचार मिळतात. तुमचं कुटुंब कोणत्या यादीत आहे ते निघण्याआधी वरच्या नंबरवर विचारून घ्या. सुरतेला पोहोचल्यावर आजारपणात विचारत बसू नका.

सध्या आम्ही वरच्या पाड्यांची घरं घेतो आहोत. ऊसतोडीच्या गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुटतात, एकदा टोळ्या गेल्या की लोक थेट आखाजीच्या आसपास परततात. शिरपूर, चोपडा, शहादा भागात कोणाला एखादा बाजाराचा दिवस देता येत असेल, फोन नीट वापरता येत असेल आणि पावरी किंवा अहिराणी येत असेल, तर आपल्या गावच्या आशाताईंना भेटा आणि विचारा की कोणत्या घरांची केवायसी अडली आहे. त्यांच्याकडे ती यादी असते. पांढऱ्या कार्डवाल्यांनी आधी तहसीलला जाऊन बारा अंकी नंबर घ्यावा, मग ओट्यावर यावं. येताना घरातल्या सगळ्यांचे आधार आणा, आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तो फोन चार्ज करून आणा, आणि शक्य असेल तर घरातल्या सुनेला सोबत आणा. दवाखान्यात रात्री धावपळ तिलाच करावी लागते, म्हणून समजावून मी तिलाच सांगते.